सातपुड्याआडची एरियल

नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं सौंसर मध्य प्रदेशात राहिलं आणि राजधानी भोपाळला झाली, म्हणून मी घरच्या रेडिओची एरियल भोपाळकडे वळवली. सरकारी शाळेतला मास्तर मी! पगार जिकडून येणार तिकडे पाठ करून कसं चालेल?

मधे अख्खा सातपुडा आडवा पडलाय, हे भूगोलाच्या मास्तरच्या (म्हणजे माझ्याच!) ध्यानात आलं नाही. रेडिओत नुसती मोहरी तडतडू लागली. आणि नेमकं त्याच आठवड्यात, शनिवारी, हिच्या धाकट्या भावाचं, वसंताचं, नागपूर केंद्रावर पहिलंवहिलं गाणं! सासरे बोरगावहून मुद्दाम आलेले. हिनं सारी गल्ली बोलावलेली.

"काहून फिरवली हो तुम्ही तार?" ही कडाडली. "माझ्या भावाचं गाणं हुकलं नं, तर पाहा मग!"

मी धोतर खोचून कौलारू छपराच्या कवेलूंवर चढलो. तारेचं एक टोक भिंतीशी पक्कं, दुसऱ्या टोकाचा बांबू मी उपटला आणि हातात धरून छपरावर फिरू लागलो.

"आलं का?"

"नाही!"

"आता?"

"कोणी बाई हिंदीत भाव सांगून राह्यली!"

"आता?"

"आला! वसंता आला!" खाली एकच कल्ला!

तिथं बांबू रोवायला जागाच नव्हती. सोडला की वसंता गप्प, धरला की वसंता सुरू! म्हणून धरून उभा राहिलो. इतक्यात पायाखालचं कवेलू फुटलं अन् माझा डावा पाय थेट बैठकीत, मंडळींच्या डोक्यावर लोंबकळू लागला!

"अगं, मी खाली पडून राह्यलो!"

"जावईबापू, हलू नका!" खालून सासरे आनंदानं ओरडले. "आता एकदम साफ येऊन राह्यलं!"

शेजारच्या सदूभाऊंनी तर चाल आवडली म्हणून माझ्या तळपायावरच ताल धरला! गुदगुल्यांनी जीव चालला होता, पण बांबू सोडला नाही. मेव्हण्याचं गाणं गल्लीनं ऐकलं. मला वर ऐकू आल्या त्या फक्त टाळ्या.

खाली उतरलो, तेव्हा हिचे डोळे भरून आलेले. आता माझं कौतुक होणार, म्हणून मी लंगडत पुढे झालो. ही माझा पाय चोळत हळूच म्हणाली, "बाबा उद्याही इथंच राहून राह्यले. त्यांना सकाळी दोन्ही राज्यांच्या बातम्या पाहिजेत म्हणे. तुम्ही लवकर चढजा, अन् वर नुसतं वळत राहजा!"