आत्याची शिवरात्र

आमच्या आत्याला वर्षातून एकदाच तोंड फुटायचं, महाशिवरात्रीला. एरवी ही विधवा बाई भावाच्या घरात, म्हणजे आमच्या आबांच्या घरात, पोतेऱ्यासारखी कोपऱ्यात असायची.

शिरड शहापुरात त्या दिवशी आमच्या ओट्यावर भांग व्हायची आणि वाटायची आत्याच. बडीशेप, मिरे, खसखस घालून इतकी मऊ, की पाटील म्हणत, "बाईचा हात हाय का लोणी!" राज्य निजामाचं, पण महादेवाच्या प्रसादाला कोण अडवतंय? भांडं सगळ्यांना एकच. पण पाटलांना चढली की ते डोळे मिटायचे; ती समाधी. आबांना चढली की रडायचे, ती भक्ती. सालगड्याला चढली की माज, आणि आत्याला चढली की तमाशा! नव्या पोराला तर आधीच बजावायचे, "आता तुला जमीन हालल्यावानी वाटंल बरं." की लगेच त्याची जमीन हलायची. जात, ऐपत आणि लुगडं बघून चढणारा असा शहाणा पाला मी दुसरा पाहिला नाही.

आत्या दोन घोट घ्यायची आणि सुरू व्हायची. "पाटील, समाधी राहू द्या, गुरवाच्या बांधावरची बाभळ काहून तोडली ते सांगा!" "दादा, वहिनीची माय तिकडं मरायला टेकली, वहिनीला माहेरी काहून धाडत न्हाईस?" लोक पोट धरून हसायचे. पाटील सगळ्यांत मोठ्यानं. "चढली रे, बाईला चढली!" दुसऱ्या दिवशी बाभळ पाटलांच्याच अंगणात असायची आणि आई आमच्याच चुलीपुढं.

मग माझं लग्न काढलं. मी तेरा वर्षांची. नवरदेव पाटलांचा मेव्हणा, डोंगरकड्याचा, आबांच्या बरोबरीचा, दोन बायका मेलेला. डोंगरकडा हे आत्याचं सासर. त्या शिवरात्रीला ती ओट्यावर उभी राहून ओरडली, "दोघीबी त्याच्या माराला भिऊन हिरीत गेल्या! मी डोळ्यानं पाह्यलं!" ओटा हसून लोळला. पाटील डोळे पुसत म्हणाले, "औंदा जरा जास्तच झाली." आत्या त्या हसणाऱ्या तोंडांकडे एकेक करून बघत राहिली.

सुपारी फोडायच्या दिवशी पाहुणे बैठकीत बसले होते. आत्या तांब्या घेऊन बाहेर आली, सगळ्यांदेखत खळखळून चूळ भरली आणि आबांसमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, तोंडाचा वास घे. आज शिवरात न्हाई. मी कायबी पेले न्हाई. आता ऐक."

आणि तेच सगळं तिनं पुन्हा सांगितलं, हळू आवाजात. कुणी हसलं नाही. शुद्धीवरच्या बाईला कसं हसायचं, हे त्या शहाण्यांना कुणी शिकवलंच नव्हतं! नवरदेव वहाणा शोधायला लागला. आबांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही, आणि सुपारी तशीच राहिली.

पण पाटलांचं नाक कापलं गेलं, त्याची भरपाई कुणीतरी करायला हवी होती ना! आबांनी आत्याला सासरी पोचवायचं ठरवलं. डोंगरकड्याला, त्याच माणसाच्या गावात. पुढच्या शिवरात्रीला पाटलांची तक्रार एवढीच, की भांग दाताखाली कचकचते.

ती निघाली त्या सकाळी मी बैलगाडीचा दांडा धरून रडत होते. विचारलं, "आत्या, तुला त्याचं भ्याव न्हाई वाटत?"

"वाटतं की गं," ती म्हणाली. "पण तिथं मी चालले, तू न्हाई."