चोरून कमावलेला दम

बावड्याचा मुजम्मिल बापाच्या दुकानात सिमेंटची पोती उशीसारखी उचलतो. पण गेल्या वर्षी गावच्या मैदानात, चितपट होईपर्यंत चालणाऱ्या कुस्तीत, बाराव्या मिनिटाला त्याचा दम संपला आणि इंदापूरच्या यशराजनं त्याची बरगडी मोडली.

त्याचे वस्ताद जोतीरामतात्या म्हणायचे, "पळून पैलवानाचं अंग वाळतं. पळायचं असंल तर माझ्या तालमीत पाय ठेवू नगंस." म्हणून तो संध्याकाळी तालमीत जोर-बैठका मारायचा आणि सकाळी तात्यांना चुकवून कालव्याच्या कडेनं आठ किलोमीटर पळायचा.

यंदा पुन्हा यशराजच समोर आला. पहिल्याच झटापटीत डोक्यावर डोकं आदळून मुजम्मिलची भुवई फाटली. यशराजनं जुन्या बरगडीवर गुडघा रोवला.

"दूध नासलं का रं पैलवान?" लोक ओरडले.

रक्त आणि माती तोंडात जात होती, पण श्वास टिकून होता. अठराव्या मिनिटाला यशराजच धापा टाकू लागला. मुजम्मिलनं त्याला कमरेत धरून उचललं आणि असं चीत आपटलं, की खांदा निखळल्याचा आवाज लांब कडेला बसलेल्या आम्हा बायकांपर्यंत आला.

तात्या आखाड्यात धावले. त्यांनी आधी मुजम्मिलच्या मुस्काटात दिली.

"ह्यो दम माझ्या तालमीतला न्हाय. चोरून पळतोस व्हय?"

"व्हय, तात्या."

तात्यांनी मूठभर तांबडी माती त्याच्या भुवईवर दाबली आणि रक्त थांबेपर्यंत हात काढला नाही.

"जखम भरली की सांग," ते म्हणाले. "मी सायकल घिऊन मागनं येतो."