गुलाबाचं सारवण

आमच्या शेवंतीचं लग्न शेजारच्या आमिनाचाचीच्या डाव्या हातामुळे जमलं. माझ्या दोन्ही हातांनी ते जवळजवळ मोडलंच होतं!

मी चौथीतच शाळेला रामराम ठोकलेला. मुंबईत एका बड्या हॉटेलात फरशी पुसायला होतो. तिथे बादलीभर पाण्यात झाकणभर गुलाबी औषध टाकलं, की अख्खा मजला घमघमायचा. अशात घरून पत्र आलं, धाकट्या बहिणीला बघायला खाडीपलीकडच्या आगरदांड्याची माणसं येणार. मला घोर लागला. दिघीतलं आमचं घर मातीचं. पाहुण्यांच्या नाकात शेणाचा वास गेला तर? (त्यांच्याही घरात शेणाचंच सारवण होतं. पण काळजी करणाऱ्याला असलं काही सुचत नाही.) मुकादमाच्या हातापाया पडून एक बाटली मिळवली आणि गाव गाठलं.

पाहुणे यायच्या सकाळी शेवंती शेण कालवत होती.

"दादा, किती घालू?"

"झाकणभर," म्हटलं. मग वाटलं, एवढ्या शेणापुढे झाकणाचं काय चालणार? बाटलीच उपडी केली! तळाशी घोटभर उरलं, ते शकुनाला ठेवलं.

घर असं घमघमलं की आमच्या कोंबड्या कुंपण ओलांडून आमिनाचाचीकडे राहायला गेल्या!

पाहुणे तिघे: मुलगा, त्याचा बाप गोमाजीमामा आणि आत्या. बाबा चटई अंथरायला उठले, तर मीच अडवलं. "नको बाबा, वास दबेल!" मामा गुडघ्यावर धोतर सारून ओलसर जमिनीवर ऐसपैस मांडी घालून बसले.

हॉटेलातल्या फरशीवर बूट चालतात, उघड्या मांड्या टेकत नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मामा दोन्ही हातांनी खाजवत होते. मुलगा लाजून एकाच हाताने खाजवत होता. तेवढ्यात शेवंती पोहे घेऊन आली. कोपरापर्यंत लालभडक हात!

आत्या किंचाळली, "अगो बाय! खरूज हाय पोरीला! घरभर हाय! उठा, हितं सोयरीक न्हाय!"

उठले, पण जाणार कुठे? होडी भरतीशिवाय सुटत नव्हती. तिघेही अंगणात उभे राहून खाजवू लागले. आईने पदर डोळ्यांना लावला. 'खरूजवाली' हे नाव एकदा खाडीपलीकडे गेलं की शेवंतीला कोण विचारणार? खरं सांगायचं सोडून मी बाटली पाठीमागे लपवली!

तेवढ्यात दोन्ही काखांत कोंबड्या धरून आमिनाचाची आली. "ह्या का पलतात रं?" मग तिनेच हुंगलं. "काय ओतलंस मेल्या?"

मी बाटली पुढे केली.

चाचीने कोंबड्या सोडल्या, डाव्या हाताची बाही वर सारली. "बघून घ्या, माझ्या हाताला खरूज हाय? न्हाय ना? आता बघा!" आणि उरलेलं सगळं हातावर ओतलं.

अंगणातली सगळी माणसं त्या हाताकडे बघत बसली. (खाजवणं चालूच!) थोड्या वेळाने हात लाल झाला, मग पुरळ उठलं.

"व्हय गो! आगदी माज्यासारकं!" मामा आनंदाने ओरडले आणि पुरावा म्हणून धोतर वर करू लागले. आत्याने वेळीच हात धरला.

मग सगळ्यांना विहिरीवर धुतलं, खोबरेल चोपडलं. गोमाजीमामांनी चाचीच्या नवऱ्याची चौकडीची लुंगी नेसून साखर खाल्ली. "पोरगी पसंत! पर लगीन वाळूवर लावायचं. ह्या पोराला झाडू देऊ नका!"

मुलगा तेव्हा पहिल्यांदा बोलला, शेवंतीकडे बघत. "त्यांच्या हाताला पन तेल लावा."

चाचीचा हात आठ दिवस सुजलेला होता. मुंबईला निघताना म्हटलं, "चाची, तुझे उपकार फेडीन. काहीतरी झकास वासाचं आणीन."

"आण बाबा," चाची हातावर वारा घेत म्हणाली. "पन आदी तुझ्या हाताला लावून बघ."

तेव्हापासून बघतोच आहे. आजवर चार अत्तरं आणि दोन साबण झाले. चाचीचे उपकार मी एक दिवस फेडणारच. जरा माझ्या हाताची सूज उतरू दे!