कोंडाजीचा खिळा

मुठा गावच्या कोंडाजी सुतारानं शब्द दिला की काम झालंच समजा, असं सारं खोरं म्हणायचं, आणि कोंडाजीलाही ते ऐकायला गोड लागायचं. नांगर असो, पाळणा असो, त्याच्या हातची वस्तू घराबाहेर पडायच्या आधी तो तिच्या खालच्या अंगाला एक बारका खिळा ठोकायचा. दृष्ट लागू नये म्हणून. बापाची रीत होती, तीस वर्षांत एकदाही मोडली नव्हती.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात पौडच्या इब्राहिम कापडवाल्याचा शब्बीर दारात आला. पोरगा शिकून सरकारच्या अवकाश खात्यात लागला होता. देशाचा एक प्रायोगिक उपग्रह आभाळात जायचा होता, त्याआधी त्याचा नमुना मोकळ्यावर फिरवून तपासायचा होता. मुठ्याच्या माळावर विजेच्या तारा नव्हत्या, म्हणून साहेबांनी तोच निवडला. नमुना ठेवायला गोल फिरणारी मोठी लाकडी घडवंची हवी, पण लोखंडाचा कणही चालायचा नाही, यंत्राचा काटा लगेच हलतो, असं शब्बीरनं दहादा बजावलं. "तात्या, तुमचं नाव मीच सुचवलंय. नोकरी नवी हाय माझी," एवढं मात्र तो जरा हळू बोलला.

कोंडाजीनं शब्द दिला. महिनाभर खपून सागाला खाचा पाडल्या, बाभळीच्या मेखा बसवल्या. काय देखणी घडवंची झाली म्हणून सांगू! अख्खं गाव बघून गेलं, आणि तिथंच माशी शिंकली. एवढे डोळे लागले, उद्या तर देशाचे लागणार. कोंडाजीचा जीव राहीना. नखाएवढा खिळा त्यानं लाकडात पुरता बुडवला, वर मेण भरलं. एवढ्याशानं काय होतंय, असं स्वतःलाच समजावलं. मोठा शहाणा!

माळावर काटा हलला. यंत्र पुन्हा लावलं, पुन्हा हलला. मोठे साहेब शब्बीरकडे वळले आणि आवाज न चढवता म्हणाले, की या सुतारावर भरवसा ठेवा असं तूच सांगितलं होतंस. शब्बीर मान खाली घालून उभा राहिला. कोंडाजीकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही, आणि तेच कोंडाजीला फार लागलं. गप्प बसला असता तर खिळा कुणाला सापडणार होता? पण पोराची नोकरी गेली असती. सारा गाव बघत होता.

"खिळा म्या ठोकलाय, सायेब," तो म्हणाला. "दृष्टीसाठी. ह्या पोराला ठावं न्हाई."

पटाशीनं त्यानं तो स्वतःच उकरून काढला. शरमेनं कान तापले होते. साहेबांनी खिळा तळहातावर घेऊन पाहिला आणि विचारलं, लोखंडाशिवाय दृष्टीवर दुसरं काही चालतं का? कोंडाजीच्या बायकोनं, सगुणाबाईनं, घरी जाऊन एक काळा बिब्बा आणला आणि दोऱ्यानं घडवंचीला बांधला. काटा जागचा हलला नाही.

पुढच्या साली उपग्रह वर गेला. त्याचा एक पंख उघडलाच नाही, असं रेडिओवर ऐकलं आणि कोंडाजीला अन्न गोड लागेना. खिळा काढला तिथंच चुकलं, हेच डोक्यात. आठवड्यानं शब्बीर आला. पंख अडकला खरा, पण उपग्रह धडधाकट आहे, नीट काम करतोय, असं त्यानं सांगितलं.

"मंग जिवावरचं पंखावर निभावलं म्हनायचं," कोंडाजी म्हणाला आणि त्यानं डोळे पुसले.

शब्बीरनं साहेबांचा निरोपही आणला होता. पुढच्या उपग्रहाची घडवंची कोंडाजीनंच करायची, दुसऱ्या कुणी नाही.

कोंडाजी उठला. देवळीत जपून ठेवलेला तो खिळा आणि हातोडीशेजारची खिळ्यांची डबी, दोन्ही त्यानं शब्बीरच्या हातात दिली.

"काम हुईस्तवर हे तुज्याकडं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "शब्द माजा हाय, पर हात बापाचा हाय."