डिशवरचं मोहोळ

जामखेडच्या कोर्टात मी नवा वकील होतो, तेव्हा गावात केबल चालवणारा एकजण रोज माझ्या टेबलाशी येऊन बसायचा. खांद्यावर वायरचं वेटोळं, कानामागे टेस्टर. एकदा मी त्याला पेपरातला निकाल वाचून दाखवला. परदेशी वाहिनीचे कार्यक्रम परवानगीशिवाय दाखवणं बेकायदा, असं कुठल्याशा हायकोर्टानं म्हटलं होतं.

तो शांतपणे म्हणाला, "साहेब, दुसऱ्याचं मोहोळ उडून माझ्या डिशवर बसलं, तर मध कुनाचा?"

मी पेपराची घडी घातली.

पंधरवड्यानं तो तणतणत आला. शेजारच्या हॉटेलवाल्यानं त्याच्याच वायरवर आकडा टाकला होता.

"तो निकाल द्या, साहेब. केस करायची हाय."

"आणि मोहोळाचं काय?"

"मोहोळ कुनाचंबी असू द्या. मध मी काढलाय."