थेंबांच्या आधीचं एक वाक्य

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. गेल्या मे महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, इंदूरच्या तुकोगंजात, डोळ्यांच्या एका क्लिनिकच्या पायरीवर. कुणी तिला ढकललं नाही की वाईट बोललं नाही. सगळे अगदी ‘आंटीजी, आंटीजी’ करत होते. फक्त एक वाक्य सांगायचं होतं, ते कुणी सांगितलं नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. मल्हारगंजात आमच्याच घरी वरच्या मजल्यावर राहते आणि सराफ्यातल्या दोन-तीन दुकानांना मंगळसूत्रांची काळी पोत ओवून देते. मोहरीपेक्षा बारीक मणी आणि केसासारखी सुई. दुकानदार मणी आणि सोन्याच्या वाट्या देतो, आत्या सर ओवून परत करते. साखर निघाली त्याला बरीच वर्षं झाली. गोळ्या वेळेवर घेते, गोडाचं पथ्य सोयीने पाळते.

साखरेच्या डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं, “एक बार आँखों की जाँच भी करा लेना.” बस, एवढंच. आता साखरेच्या पेशंटला तपासणी म्हटलं की काय कळतं? उपाशीपोटी जायचं! रक्त द्यायला ती कायम उपाशी जाते, तशीच याही तपासणीला गेली. सवयीने गोळी मात्र घेतली. पोटात चहासुद्धा नाही. आणि गेली आपल्या स्कूटरवर, एकटी, चाळीशी पर्समध्ये आणि सराफ्याला द्यायची पोत डिकीत.

तिथे एका मुलीने दोन्ही डोळ्यांत थेंब घातले आणि म्हणाली, “आँख बंद करके बैठो.” आत्या बसली. बऱ्याच वेळाने डोळे उघडले तर स्वतःच्या हातावरच्या रेषा दिसेनात. तिने विचारलं, उत्तर आलं, “हो जाएगा आंटीजी, बैठो.” काय हो जाएगा? तेवढ्यात उपाशीपोटी घेतलेल्या गोळीने साखर उतरली, हातपाय कापायला लागले, घाम सुटला. तिला वाटलं, थेंबांनीच घात केला. डोळ्यांच्या आतला फोटो काढायच्या आधीच ती उठून बाहेर आली, आणि मे महिन्यातलं इंदूरचं ऊन त्या थेंबांनी ताणलेल्या बाहुल्यांवर पडलं. सगळं पांढरं. स्कूटरला किल्ली लावायचं भोक सापडेना. ती पायरीवर बसली आणि रडली.

समोरच्या उसाच्या रसवाल्याने तिला पाहिलं. “अरे अम्मा, क्या हो गया?” म्हणत त्याने ग्लास हातात दिला. डायबेटिसच्या बाईला त्या दिवशी उसाच्या रसाने सावरलं, हे आमच्या घरात आता विनोद म्हणून सांगतात. मला त्यात हसू येतं आणि रागही येतो. त्यानेच मग तिला रिक्षात बसवून दिलं.

संध्याकाळपर्यंत डोळे होते तसे झाले. पण आत्याने जाहीर करून टाकलं, “एकदा आंधळी होऊन आले, पुरे झालं.”

मी दुसऱ्याच दिवशी क्लिनिकला फोन केला. म्हटलं, थेंबांनी चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही, गाडी चालवायची नाही, हे पेशंटला का सांगत नाही? पलीकडून अगदी गोड आवाज आला, “मैडम, ये तो सबको पता होता है.”

सबको! मी वस्तीतल्या पाण्यावर, नाल्यावर, फूटपाथवर पत्रकं काढते, आणि हे ‘सबको पता होता है’ मला प्रत्येक कचेरीत भेटतं. ज्याला माहीत नसतं तो ह्या ‘सब’मध्ये कधीच धरलेला नसतो.

पुढचे कितीतरी महिने मी आत्याच्या मागे लागले. ती ताटात पांढरं फडकं पसरून मणी निवडत बसायची आणि मी समोर बसून भाषण द्यायचे.

“आत्या, ती नंबर काढायची तपासणी नाहीये. डोळ्याच्या आत, मागच्या पडद्यावर साखरेने काही केलंय का, ते बघतात.”

“मला दिसतंय ना सगळं.”

“दिसत असतानाच बघायचं असतं!”

“तुझी पत्रकं वाचायला डोळे लागतात की नाही? मग राहू दे माझे शाबूत.”

बाबांनीही तिचीच री ओढली. “ताईला वरच्या खिडकीतून भाजीवाल्याचा काटा दिसतो. मारतो तेवढं वजनसुद्धा वरून सांगते. तिला कसली तपासणी?”

शेवटी दिवाळीनंतर, लग्नाची एक मोठी ऑर्डर हातावेगळी झाल्यावर, ती स्वतःच म्हणाली, “चल. पण तू आत माझ्यासोबत बसायचं. आणि मी खाऊन येणार.”

“खाऊनच यायचं असतं.”

“मग आधी नाही सांगायचं त्यांनी?”

हेच तर मीही म्हणत होते.

त्या सकाळी आत्याने गोळी घेतली, कोपऱ्यावर पोहे खाल्ले, वर शेव. जिलेबीकडे पाहिलंही नाही, म्हणजे कढईतून नवा घाणा निघेपर्यंत पाहिलं, पण खाल्ली नाही. स्कूटर मी चालवली. मला गाडी तिने शिकवली, त्यामुळे मागे बसणं तिला अपमानाचं वाटतं. राजवाड्यापासून तुकोगंजापर्यंत ती मागून गाडी चालवत होती: “हॉर्न दे. दे ना! अगं, तो समोरचा भिया काही हटणार नाही, तूच हट!”

आत पहिल्यांदा भिंतीवरची अक्षरं वाचायची होती, एकेक डोळा झाकून. चाळीशी लावूनच लांबचं वाचायला लागली तेव्हा मुलगी म्हणाली, “आंटीजी, दूर वाला चश्मा?” तो घरी. तेव्हा सांगून ठेवते, असतील नसतील ते सगळे चष्मे न्यावेत. मग आत्याने डावा डोळा तळहाताने झाकला आणि खालची ओळ धडाधडा वाचली. मुलगी हसली.

“आंटीजी, उँगलियों के बीच से मत देखो.”

“थोड़ा तो सब देखते हैं,” आत्या म्हणाली.

मी कानात म्हटलं, “आत्या, बोर्डाची परीक्षा आहे का ही? नापास करत नाहीत इथे.”

थेंब घातले. “चरचरतंय,” म्हणाली, बारीक तिखट लागल्यासारखं. ते मिनिटभरात थांबलं. मग बाकावर डोळे मिटून बसायचं, बाहुली मोठी होईपर्यंत. आणि तशी बसली असताना, हळू आवाजात, आत्या मला म्हणाली:

“माझ्या आधी एक बाई ओवायची. माझ्यापेक्षा साफ हात. एकदा तिच्या सरात दोन मणी कमी-जास्त लागले. दुकानदार काही बोलला नाही तिला. नुसतं काम माझ्याकडे यायला लागलं.” मग म्हणाली, “सराफ्यात कळलं ना, हिच्या डोळ्यांत काही निघालं, की मला पण कोणी काही बोलणार नाही.”

तेव्हा मला कळलं की ती थेंबांना भीत नव्हती. नुसते थेंब असते तर ती केव्हाच आली असती. मे महिन्यात त्या पायरीवर तिला फक्त पांढरं ऊन दिसलं नव्हतं. हात रिकामे दिसले होते.

फोटो म्हणजे सोपं काम. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, हिरव्या दिव्याकडे बघायचं, आणि लख्खकन उजेड. यंत्र डोळ्याला लागत नाही. दोन्ही डोळ्यांचे फोटो निघाले. नंतर थोडा वेळ तिला सगळं गुलाबी दिसत होतं. “तू बरी दिसतेयस आज,” असं मला म्हणाली.

सगळीकडे लगेच दाखवतात असं नाही, काही ठिकाणी रिपोर्ट नंतर येतो. इथल्या डॉक्टरबाईंनी पडद्यावर मोठं करून दाखवलं. नारिंगी गोल, त्यात नद्यांसारख्या शिरा. आणि डाव्या डोळ्याच्या फोटोत चार-पाच लाल ठिपके. आत्याला धूसर दिसत होतं, तरी मान मागे घेऊन, डोळे बारीक करून तिने बोट ठेवलं.

“ये क्या, मनके गिरे हैं?”

“हाँ माताजी, यही देखना था.” डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. साखरेची सुरुवातीची खूण आहे. ह्याला आज इंजेक्शन नको, लेसर नको. साखर आणि बीपी ताब्यात ठेवायचं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. मधेच अचानक काळे ठिपके तरंगायला लागले, पडदा आल्यासारखं झालं, दिसणं कमी झालं, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं.

आत्याने एकच विचारलं, “पोत पिरो सकती हूँ?”

“बिलकुल. काम से आँख खराब नहीं होती. तारीख मत चूकना.”

आम्ही बाहेर पडलो ते आत्याला माझा काळा गॉगल लावून. तयार पोत पर्समध्येच होती, म्हणून परतताना सराफ्यात थांबलो. दुकानदार गल्लीत उतरूनच आला. “अरे ताईजी! आज तो फुल हीरोइन!”

मी उत्तर शोधत होते. आत्यानेच गॉगल न काढता सांगून टाकलं, “आँख की जाँच कराके आ रही हूँ. शुगर वालों को हर साल करानी पड़ती है. तुम्हारी कब हुई?”

त्याची साखर तिच्याही आधीची. सर मोजून घेता घेता हळूच विचारलं त्याने, “वो दवाई डालते हैं... जलती है क्या?”

“मिनटभर. और खाके जाना. और गाड़ी मत ले जाना, अपने बेटे को ले जाना.”

उभ्या उभ्या, गल्लीत, गॉगल लावून आत्याने ते वाक्य सांगितलं. अर्ध्या मिनिटात झालं. पुढच्या ऑर्डरचे मणीही त्याने दिले.

संध्याकाळी तिने पहिल्याच फटक्यात सुईत दोरा घातला आणि माझ्याकडे बघितलं, ‘झालं समाधान?’ अशा नजरेने. झालं, पण सगळं नाही. ते ठिपके दुखत नव्हते, त्यांनी काही धूसर केलं नव्हतं. मे महिन्यात होते की नव्हते, कुणीच सांगू शकत नाही, कारण मे महिन्यात फोटो निघालाच नाही. या वेळी वेळेत कळलं. दर वेळी वेळ थांबून राहत नाही.

म्हणून आता तुम्ही. तुमच्या घरात साखरेचं माणूस आहे. नाही म्हणू नका, आहे. आज जेवायला बसाल तेव्हा त्याला विचारा, डोळ्यांच्या आतला फोटो शेवटचा कधी काढला? ‘मला दिसतंय ना’ हे उत्तर मान्य करू नका. वेळ ठरवा, त्याला खाऊ घालून न्या, त्याचे सगळे चष्मे आणि एक काळा गॉगल बरोबर घ्या, येताना गाडी तुम्ही चालवा. आणि थेंबांची बाटली उघडली जाईल तेव्हा हात वर करून, सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, “पहले बताइए, इससे क्या होगा.”