सड्यावरच्या माशाची शेपटी

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — पण जरा अडखळत सांगेन.

आमच्या गावाच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, जांभ्या दगडात चित्रं कोरलेली आहेत. गाव त्यांना पांडवांची चित्रं म्हणतं. ती लोकांना दाखवायची कल्पना मिंगेलची — माझा शाळासोबती, आता गावातल्या शाळेत मास्तर. दर रविवारी तो मुलांना वर न्यायचा. पोरं गवत बाजूला करून रेघा शोधायची, दोरी लावून मोजायची, आलेल्या पाहुण्यांना समजावून सांगायची. मापं तपासायचं काम माझ्याकडे. गावात घराचा पाया आखायचा तरी मलाच बोलावतात.

मिंगेलचा नियम एकच — ब्रश चालेल, लोखंड नाही. जांभा ठिसूळ.

एका शनिवारी मी एकटाच वर गेलो. मोठ्या माशाच्या शेपटीची खोली तेवढी मोजायची राहिली होती. रेघेत माती घट्ट बसलेली. ते माप सोडून दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण अर्धवट माप मला सोसत नाही. मी कोयत्याचं टोक घातलं — आणि शेपटीचा काठच निखळला. तुकडे मी करवंदीच्या जाळीत टाकले.

दुसऱ्या दिवशी मुलांना शेपटी मोडलेली दिसली. मिंगेलने स्वतःच गावाला कळवलं. संध्याकाळी देवळासमोर माणसं जमली.

"पोरांका पांडवांच्या चित्रार नाचूक सोडल्यान," एक जण म्हणाला. "आपलो असतो तर सोडल्यान असता?"

कुणीतरी हसलं. चर्चला जाणारा मिंगेल सगळ्यांसमोर उभा होता. तो माझ्याकडे वळला. शनिवारी सड्याच्या वाटेवर, हातात टेप घेऊन जाताना मी त्याला भेटलो होतो.

"काल तू वर गेललंस मा? तेवा शेपटी कशी होती, ता सांग रे."

आधीच मोडलेली होती — एवढं म्हटलं असतं तरी पोरं सुटली असती. माझ्यावर कुणी संशयही घेतला नसता.

"मी काल वर गेलोच नाय," मी म्हणालो.

माझं खोटं मिंगेलने उघड केलं नाही. का केलं नाही?

मुलांना सडा बंद झाला. मिंगेलही पुन्हा वर आला नाही. रविवारचे पाहुणे आता मी नेतो. गेल्या खेपेला कुडाळच्या एका बाईंनी विचारलं, ही शेपटी कशाने मोडली?

"शाळेची मुलं होती," मी सांगितलं, आणि त्यांना पुढच्या चित्राकडे नेलं.